घरगाडी विकली नाही

प्रिय पियूष,

अनेक आशीर्वाद. गाडी विकली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. "आई, बाबांना सांगा, ती गाडी विकून टाका, उगाच जागा अडते," असा तुझा निरोप मोबाइलवर आला. जागा अडते! तू आणि अमिषाने आत घर थाटायला घेतलेली, आमच्या अंगणात बदामाखाली उभी असलेली गाडी तुझी पनवेलची जागा कशी काय अडवते, ते मला अजून उमगलेलं नाही. खरं तर रीतीप्रमाणे जावयाला मी 'तुम्ही' म्हणायला हवं. पण साखरपुड्याच्या दिवशीच तू म्हणालास, मला अहोजाहो केलंत तर मी जेवणार नाही. जेवणाच्या बाबतीत तुझा शब्द फार टिकत नाही हे दिसत असूनही मी ऐकलं. तेव्हा आता रागावतानाही 'तू'च म्हणणार.

तुझ्या निरोपाप्रमाणे गिऱ्हाईक आणलं होतं बरं का. चांगला माणूस होता, चपला बाहेर काढून गाडीत शिरला. तू सागवानी फळ्या जोडून केलेला तो छोटा ओटा त्याने हाताने चाचपला आणि म्हणाला, इथं दोन शेगड्या सहज बसतील, चायनीजला एक नंबर. माझ्या लेकीने दर रविवारी अंगभर भुसा माखून घेत घासलेल्या ओट्यावर तो मंच्युरिअन तळणार होता! मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. संध्याकाळी तुझ्या सासऱ्यांनी गाडीवरची ताडपत्री काढली, झटकून घडी केली आणि म्हणाले, "विकायची तं विकू. पन एकदा चालवून बगू."

तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. तरुणपणी मिठागरात राबले, नंतर जन्मभर बंदरावर ट्रेलर चालवला. वाट लांब आणि सोबतीला कोणी नाही, त्यामुळे बोलणं असं राहिलंच नाही. अमिषा डेंग्यूच्या तापात गेली तेव्हापासून तर तिचं नावही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. पण शेजारच्या दादूला घेऊन ते गाडीला भिडले. दादूने वायरिंग केलं, ह्यांनी पाण्याची टाकी बसवली, तुझ्याकडून अर्धवट राहिलेला पलंग पुरा केला. तो जरा आखूड झालाय. तुझे पाय बाहेर येतील, पण त्याला इलाज नाही. मी पडदे शिवले. दादू आल्यागेल्याला सांगत सुटला, रामाकाका आता गाडीतच ऱ्हानार, काकीने भायेर काडलाय.

वाट शोधावी लागली नाही. गाडी पुरी झाली की जायची वाट अमिषाने जेवताना इतक्यांदा सांगितली होती की आम्हाला पाठ होती. पहिला मुक्काम इथल्याच, उरणच्या पाणथळीपाशी, रोहित पक्ष्यांच्या शेजारी. दुसरा थळला, खांदेरीसमोर. मग आगरदांड्याहून दिघीची फेरीबोट, दिवेआगर, आणि शेवटचा मुक्काम तिच्या सासरी, माणगावला. घरापासून हाकेच्या अंतरावर कसला मुक्काम करायचा, असं मी तिला हसायचे. ती म्हणायची, आई, जन्म इथे गेला तुझा, पण तू ते पक्षी कधी बसून बघितलेस का? नव्हते बघितले. खाडीवर आम्ही कामाला जायचो, बघायला कोण जातं.

तर माघी पौर्णिमेला सकाळी आम्ही निघालो आणि दहा मिनिटांत पोहोचलो. राखीव जागेत गाडी न्यायला मनाई आहे. तिथल्या राखणदाराने ते नीट सांगितलं, आणि आम्हीही ऐकलं. बाहेर जुन्या मिठागराचा रुंद बांध आहे, तिथे ह्यांनी गाडी लावली. राखणदार म्हणाला, काका, उधाण आहे, इथं पाणी येतं. झालं! ह्यांच्यातला मिठागरवाला जागा झाला. "मना सांगतंस पानी कवा येल? ह्या बांदावर माजा जलम गेलाय. आज उगारी लावलेली असनार." उघाडी म्हणजे खाडीच्या पाण्याची बांधातली झडप, तुला तिने सांगितलंच असेल. मीठ धरायच्या दिवसांत पौर्णिमा-अमावास्येला ती घट्ट लावून घ्यायचे, आणि ह्यांच्या डोक्यात ती अजून लावलेलीच होती. पण आता तिथे मीठ पिकत नाही. पक्ष्यांना भरतीचं पाणी मिळावं म्हणून उघाडी मुद्दाम उघडी ठेवतात. हे त्या खाडीत जन्म गेलेल्या माणसाला माहीत नव्हतं, कारण मिठागर मोडल्यापासून ते तिकडे फिरकलेच नव्हते.

दुपारी मी ओट्यावर बोंबील परतत होते. खिडकीबाहेर पाहिलं तर रस्ता नाही! दोन्ही बाजूंनी पाणी चढलेलं, टायरं अर्धी बुडालेली. राखणदार लांब रस्त्यावर उभा राहून हात करत होता, घाबरू नका, ओहोटीला उतरेल. मी ह्यांच्याकडे बघितलं. एरवी मी सोडलं नसतं. पण त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की म्हटलं, जेवून घ्या, पाण्यात उपाशी बसायचं काही कारण नाही. आणि मग ते पक्षी आले रे. पाण्याबरोबर सरकत सरकत, लांब पाय टाकत, पार गाडीच्या जवळ. गुलाबी म्हणजे किती गुलाबी! आम्ही ताटं घेऊन दारात बसलो. कुठे जाता येत नव्हतं, कोणी येऊ शकत नव्हतं. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "अमिषाला दावायला पायजे व्हतं." आणि रडायला लागले. इतके दिवस मी एकटीच रडत होते, न्हाणीघरात नळ सोडून. त्या दिवशी आम्ही दोघं मिळून रडलो आणि पाणी उतरेपर्यंत तिच्याबद्दलच बोलत बसलो. तिचा हट्टीपणा, तिचं भातात ताक कालवून फुर्र करून पिणं, तुला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा घातलेली ती भयंकर पिवळी ओढणी. मला त्या दिवशी माझा नवरा परत मिळाला, हे तुला सांगायला हवं.

थळला सुरूच्या झाडांमागे गाडी लावली. समोर खांदेरी, तिच्या अलीकडे उंदेरी. बाजूला पुण्याची मंडळी तशीच गाडी घेऊन आली होती, त्यांची आपल्याहून चकचकीत होती, पण ओटा प्लास्टिकचा! खांदेरीची लढाई अमिषा मला भाजी निवडताना सांगायची. इंग्रजांची मोठाली जहाजं समुद्र अडवून उभी, आणि आपल्या लहान होड्या त्यांना चुकवून रोज बेटावर दाणागोटा आणि माणसं पोचवत राहिल्या, म्हणून बेट टिकलं. मी तिला विचारायचे, त्या होडीवाल्यांच्या बायकांचं काय गं? त्या किनाऱ्यावर कशा बसत असतील? ती म्हणायची, आई, हे कुठे कोणी लिहून नाही ठेवलं. त्या वाळूत बसून मला त्याच बायका दिसत होत्या.

तिथे येसूबाई नावाची कोळीण मासळी घेऊन आली. पाटीतला हलवा बघता बघता गप्पा झाल्या, आणि बायका विचारतात तसं तिने विचारलं, "लेक कुठं दिली गं तुजी?" मी म्हणाले, माणगावकडे. जावई चांगला आहे, पनवेलला कंपनीत असतो. असं फडाफड बोलून गेले. हे माझ्याकडे बघत राहिले. पण मी खोटं कुठे बोलले? दिली तर होतीच. आणि जावई चांगला आहे, हेही खरं. येसूबाईने वर एक हलवा जास्तीचा घातला, जावई आला की त्याला घाल म्हणाली. जावई दोन पावसाळ्यांत उंबऱ्याला शिवला नाही, हे काही मी तिला सांगितलं नाही.

दिघीच्या फेरीबोटीवर ह्यांनी गाडी अशी उलटी घातली की बोटीवरचे लोक बघत राहिले. बांधावरची सगळी नामुष्की तिथे धुऊन निघाली. दिवेआगरला वादळात आडव्या झालेल्या वाड्यांत पोफळी पुन्हा कंबरेच्या वर गेल्यात. एका रात्रीचा मुक्काम करून आम्ही माणगावला तुझ्या घरी गेलो.

पियूष, आता नीट वाच. तुझ्या आईने, कोकिळाताईंनी, आम्हाला मागच्या पडवीत बसवून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. वाढता वाढता त्यांचे डोळे भरून आले आणि सगळं बाहेर पडलं. तुझ्या कंपनीत तेजस्वी म्हणून मुलगी आहे. तिला तू आवडतोस. तुलाही ती आवडते, हे आईला कळल्यावाचून राहतं का? आणि तू नाही म्हणून बसला आहेस. "उरणला काय तोंड दाखवू म्हंतो. त्यांची पोर गेली नि मी मांडवात बसू व्हय, म्हंतो," असं त्या म्हणाल्या. तेव्हा मला तुझ्या निरोपाचा अर्थ लागला. अडत होतं ते गाडीमुळे नाही, आमच्यामुळे.

खरं सांगते, आधी मला रागच आला. तुझा नाही, तिचा. न बघितलेल्या त्या मुलीचा. मी उठून परसात गेले आणि कोकिळाताईंची न सांगता सगळी भांडी घासून टाकली. माझी पोर मातीत गेली आणि हिने हळद लावायची, असं मनात आलं. आलं ते आलं, लपवून काय करू? पण भांडी घासताना मला माझी आई आठवली. तुला हे ठाऊक नाही, अमिषालाही मी कधी नीट सांगितलं नव्हतं. माझी आई माझ्या वडिलांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली. आमच्या घराण्यांत रीत अशी, की जावई दुसरं लग्न करायला निघाला की नव्या मुलीची पहिली ओटी गेलेल्या लेकीच्या आईने भरायची. ती भरली की ती मुलगी त्यांची लेक. मग तिला दोन माहेरं. माझं करंजा गावचं आजोळ, ज्याच्या गोष्टी मी तुम्हाला सांगत असते, ते माझ्या आईचं माहेर नव्हतंच. ते पहिलीचं माहेर. त्या घरात मला न्हाऊमाखू घातलं, चैत्रात जत्रेला नेलं, माझ्या लग्नात मामा म्हणून तिचेच भाऊ उभे राहिले. रक्ताचं काही नव्हतं, आणि मला लहानपणभर त्याचा पत्ताही लागला नाही. त्या म्हातारीने आपली लेक गमावून माझ्या आईची ओटी भरली, तेव्हा तिला काय झालं असेल, हे मला त्या दिवशी परसात बसून पहिल्यांदा कळलं. तिला जमलं, तर मला जमेल.

तेव्हा मी ह्यांना तिथेच सांगितलं. ते बराच वेळ अंगणात फिरत राहिले. मग आले आणि म्हणाले, "ओटी तू भर. पन लेकीला आनायला बाप जातो." त्यांचं म्हणणं असं, की तुम्हा दोघांचं केळवण पहिलं आपल्या घरी, आणि त्या वेळी तेजस्वीची ओटी मी भरायची. तिच्या आईवडिलांना आम्ही येऊन भेटू, त्यांच्या मनाविरुद्ध काही नाही. अमिषाला कोणी बाजूला सारत नाहीये. आमच्या घरात आणखी एक लेक येतेय, एवढंच. तू जावई आहेस तो जावईच राहणार, ती सुटका तुला मिळणार नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बघतो" म्हणाला असतास आणि ठेवून दिला असतास. आणि तुझे सासरे स्वतः बोलायला गेले असते तर "पियूष, अरं" एवढ्यावरच त्यांची गाडी अडली असती. म्हणून मी लिहिलं. हा कागद पोस्टाने आलेला नाही. ज्यांनी तो तुझ्या हातात दिला ते आत्ता तुझ्या दारातच उभे असतील, टोपी हातात घेऊन, दुसरीकडेच कुठेतरी बघत. त्यांना आत बोलाव, पाणी दे. आणि मग तोंडाने 'हो' म्हण. मान हलवलीस तर चालणार नाही, कारण तुझ्याकडे बघायचं धाडस त्यांना होणार नाही.

तुझीच,
केसरआई