आडवं माप

२ फेब्रुवारी, रविवार

आले एकदाची. गाडी यार्डात उभी आहे आणि मी तिच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. वही दुकानातली. एकोणीस वर्षं ऑल्टरेशनच्या काउंटरवर लोकांच्या पँटी आखूड केल्या, त्याची आठवण म्हणून निघताना एक कोरी वही आणि खडूचा डबा उचलला. खडूचा डबा मुळात बाबांच्याच शिंपीकामातला होता, तेव्हा चोरी झाली ती वहीची.

गाडी आधी एका लाँड्रीची होती. आत अजून इस्त्रीचा वास येतो. रंग उडालाय, मागच्या दाराची कडी नाही, तिथे दोरी बांधली आहे, आणि पुढच्या एका सीटमधून काथ्या बाहेर आलाय. पण इंजिन चालू होतं आणि पत्रा शाबूत आहे. आतलं माप घेतलं: लांबी दहा फूट, रुंदी साडेपाच, उंची पाच-दहा. मी पाच-दोन. म्हणजे माझ्या घरात मी उभी राहून केस विंचरू शकेन. मागे ओटा, मध्ये बसायला पेटी, पुढे आडवा पलंग. उन्हाळ्याआधी निघायचं, कुठे ते ठरलेलं नाही.

यार्ड एका वेल्डरचं आहे. भिंतीलगतची जागा आणि विजेचं कनेक्शन त्याने दिलंय. काळा चष्मा कायम कपाळावर, मला ताई म्हणतो, फार चौकशा करत नाही. मला आवडला.

दादाच्या घरात मी बारा वर्षं पॅसेजमध्ये झोपले. एका बाजूला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या बाजूला सगळ्यांचे बूट. कोणी बाथरूमला निघालं की, चिमे, जरा सरक. दादा, वहिनी, भाचरं, पाहुणे, पाहुण्यांची पोरं. वाईट त्यातलं कोणीच नाही. पण चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने सरकायचं म्हणजे किती? आता मला सरक म्हणायला कोणी येणार नाही. यावंच कोणीतरी, मग सांगते.

५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस नुसता गंज खरवडतेय. लोखंडी ब्रशने हाताची सालं निघाली. मग लाल प्रायमर, त्यावर पॅकिंगचे फोमचे तुकडे, त्यावर एका बंद पडलेल्या दुकानाची जुनी प्लाय. एका फळीवर उलट्या अक्षरात 'सेल' लिहिलेलं आहे, ती मुद्दाम समोर लावली. खिडकी भंगारातल्या बसची. वेल्डरने पत्रा कापून ती बसवून दिली.

स्क्रू आणायला गेले तर दुकानदार मला सोडून माझ्या मागे बघायला लागला. म्हणाला, साहेब गाडी लावतायत का? मी म्हटलं, साहेब मीच. तरी हसला. दोन डझन स्क्रू मी त्याच्याकडून एक-एक करून मोजून घेतले, मागे रांग लागली तरी. डोकं दिवसभर ठणकत होतं, पण बरं वाटलं.

प्लाय लावल्यावर रुंदी पाच-तीन उरली. पाय पसरून झोपले तर एक इंच शिल्लक. एक इंच खूप झाला, पॅसेजमध्ये तोही नव्हता.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादा आला. वहिनीने डबा दिलेला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, घरात काय कमी होतं म्हणून या डब्यात राहायला निघालीस? झालं. माझं टाळकंच सरकलं. बारा वर्षांचं सगळं बोलून टाकलं. तो ऐकून घेत उभा राहिला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडत का नाही हा माणूस?

पलंगाची रुंदी ठरवायची होती. म्हटलं, आलाच आहेस तर कामाला ये. मी गाडीतच जमिनीवर आडवी पडते, तू माझ्याभोवती खडू ओढ. तर हा मागे सरला. बाबांचा नियम होता: आडव्या माणसाचं माप घ्यायचं नाही. आजारी गिऱ्हाईक असलं तरी बाबा त्याला उशा लावून बसवायचे आणि मगच टेप काढायचे. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी म्हटलं, बाबा गेले, आणि मी सदरा शिवत नाहीये, फळी कापतेय. आवाज इतका चढला की वेल्डर बाहेर डोकावला. शेवटी दादा गुडघ्यावर बसला.

माया किती सोडू, म्हणून त्याने विचारलं. शिवणीच्या पलीकडे जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. पुढेमागे अंग वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. लहानपणी बाबा माझे फ्रॉक दादाच्या मापाने बेतायचे, वाढत्या अंगाचे म्हणून. मी त्यात पोहायचे आणि रडायचे. तर मी ठणकावून सांगितलं, माया नको. एक बोटही नको. अंगालगत ओढ, मला ओट्याला जागा हवी आहे.

त्याने ओढलं. अर्ध्यात, डाव्या खांद्याजवळ, रेघेला बाक आला. उठला तो डबा परत न घेताच निघून गेला.

खाली बघितलं तर मी, पांढऱ्या रेघेत. बाबांच्या टेबलावर कापड कापायचा कागदाचा बेत असायचा तशी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुताराने फळी आणली. पाच-तीनची. आत जाईना. पाऊण इंच जास्त.

मी त्याचा उद्धार केला. त्याने शांतपणे फळी मोजून दाखवली: पाच-तीन. मग भिंत ते भिंत मोजलं: पाच-दोन आणि वर थोडं. म्हणाला, ताई, तुमचा टेप कापडाचा, तो ताणतो. एकोणीस वर्षं याच टेपवर पोट भरलं, कधी ताणला नाही, आणि हा मला शिकवतोय. पण स्टीलचा टेप खोटं बोलत नाही. फळी कापून घेतली. तो गेल्यावर माझ्याच टेपने पुन्हा मोजलं. माझ्याही टेपने तेवढंच भरलं.

मीच चुकले असणार. स्वतःवर एवढी चिडले की जेवले नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चुकले नव्हते.

सकाळी आत उभी राहिले तर छत केसांना लागलं. पहिल्या दिवशी डोक्यावर वीतभर जागा होती. लांबी मोजली: आठ फूट. दोन फूट कुठे गेले?

वेल्डरवर धावून गेले. माझ्यामागे गाडीला हात लावलास, काहीतरी कापलंस, कबूल कर. टेप घेऊन त्याने गाडी बाहेरून मोजली. तसूभर फरक नाही. मग आतून मोजली. मग पुन्हा आतून. बाहेर येऊन नळावर हात धुतले, साबण लावून, दोनदा. म्हणाला, ताई, भाडं राहू द्या, गाडीही राहू द्या, तुम्ही घरी जा.

घरी. कुठल्या घरी?

१५ फेब्रुवारी, शनिवार

खडूची आकृती पुसली. ओल्या फडक्याने, मग रॉकेलने. वर लिनोलियम अंथरलं. चहा पिऊन आले तर लिनोलियमवर आकृती. तीच. डाव्या खांद्याजवळ दादाचा हात हलला होता, तिथला बाकही तसाच.

दादाला फोन केला. तो म्हणाला, त्या दिवशी अर्ध्यापासून पुढे खडू मी ओढला नाही, खडूच चालत होता, मी नुसता धरला होता. बाबांनी शेवटच्या आजारात त्याला कारण सांगितलं होतं: आडवं माप एकाच कपड्याचं असतं, आणि त्या कपड्याला कोणी माया सोडत नाही.

मी ओरडले, तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणतो, चिमे, तू ऐकून घेतेस कधी?

मग म्हणाला, ये परत, पॅसेज तुझाच आहे.

फोन आपटला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रडून काय होणार आहे? जे शिवलं ते उसवता येतं. एकोणीस वर्षं दुसरं काय केलं मी.

प्लायचे सगळे स्क्रू काढले. 'सेल'ची फळी उतरवली. मागे फोम नाही. मी हाताने चिकटवलेला फोम, एक तुकडाही नाही. फळीला लागूनच पत्रा, आणि पत्र्यावर पांढऱ्या खडूने लिहिलेलं. अक्षर माझं नाही, दादाचं नाही, बाबांचंही नाही. उंची, खांदा, छाती, कंबर. आकडे माझे. छातीचा आकडा श्वास सोडल्यावरचा आहे.

त्याखाली 'माया'. पुढे जागा कोरी.

मी तिथे लिहिलं: दोन इंच. ठळक. खडू मोडेपर्यंत दाबून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुसलं गेलंय. पुन्हा लिहिलं. मी बघत असताना पत्र्याने ते ओढून घेतलं, टीपकागदाने शाई ओढावी तसं.

आता उभं राहता येत नाही. बसून लिहिते.

सगळे एकच सांगतात, बाहेर पड. सुतार, वेल्डर, फोनवर वहिनी. वहिनी रडत होती. बाहेर पडणं सोपं आहे, दार उघडंच आहे. पण मी का पडू? हे माझं आहे. हाताची सालं काढून मी केलंय. आयुष्यभर सगळ्यांसाठी सरकले, आता या पत्र्यासाठीही सरकू? नाही सरकत. बघू कोण जिंकतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पलंगाची फळी आडवी ठोकून टेका दिला. दुपारपर्यंत तिला बाक आला. मग मोडली.

दादाला फोन. तू ओढलंस, तूच माया सोडून नव्याने ओढ. रविवारी येतो म्हणाला. तोवर दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणे. गिऱ्हाईक. तोवर मी—

फोन ठेवताना विचारत होता, बाबा तुझे फ्रॉक कोणाच्या मापाने बेतायचे, आठवतं का? हे काय विचारायचं आता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वेल्डर दाराशी आला. हात पुढे केला, म्हणाला, ताई, जरा सरका इकडे, मी ओढून घेतो.

सरका.

त्याच्या तोंडावर दार ओढलं. रागात. दोरी आतून बांधली.

नंतर सोडायला गेले तर दोरी नाही. दारही नाही. तिथे पत्रा आहे.

ओरडले. तो बाहेरच आहे. हाका मारतोय. ताई कुठे गेल्या, ताई कुठे गेल्या. मी इथेच—

२३ फेब्रुवारी, रविवार

आडवी. रेघेच्या आत. वही छातीवर. मनगट हलतं, कोपर नाही. खिडकी राहिली आहे, बोटभर. त्यातून उजेड येतो.

श्वास पूर्ण घेता येत नाही. मापच तसं आहे. मीच दिलंय.

दादा आला. आवाज येतो.

त्यांनी दार उघडलं. बाहेरून दार आहे. वेल्डर म्हणतोय, बघा, आत कोणी नाही. दादा आत चढला. त्याच्या बुटांचा आवाज माझ्या कानाखाली. केवढी जागा आहे, म्हणतोय. दहा फूट. त्यांना दहा फूट दिसतंय.

मी ओरडते. दादा. माझा आवाज मलाच—

त्याला आकृती दिसली. बसला. तिच्यावरून हात फिरवतोय. इथे, खांद्यावर कळतंय मला. चिमे, म्हणतोय. एकदा तरी मी सरकायला हवं होतं.

वेल्डरला खडू देतोय, स्वतः माझ्या रेघेवर आडवा होतोय. माझ्याभोवती ओढा. मी तिच्यापेक्षा जाडा आहे. माझ्या मापाने बेतलं की तिला सैल होईल, वाढत्या अंगाचं—

वेल्डर नको म्हणतोय. दादा ओरडला. दादा कधी ओरडत नाही.

नको. मला नको जागा. पॅसेज चालेल. मी येते, पॅसेजमध्ये येते, बुटांजवळ—

खडूचा आवाज.

खांदा सुटला. दोन बोटं. श्वास आला. पूर्ण.

दादा ऊठ. आडवा राहू नकोस, तुझंही माप होतंय, ऊठ, मला पुरते एवढी जागा, ऐक, एकदा तू ऐक माझं, बाजूला हो, दादा, जरा सरक, सर—