सात नंबरची शिरगणती

सोमवार, ३
आज रुजू झालो. शीतगृह अवाढव्य, पण माझी खोली उबदार. बायको फोनवर म्हणाली, घरचा फ्रिज उघडा टाकणाऱ्याला थंडी राखायला ठेवलंय म्हणजे कमालच झाली. प्रत्येक कोठीत शिरगणतीचे तीन छोटे संगणक आहेत. दोन अंगाची ऊब मोजतात, तिसरा श्वास. तिघं एकमेकांना आकडे कळवतात. दोघांचं जुळलं की तेच खरं. कोठी रिकामी ठरली की दुपारी एकला दार आपोआप लागतं. एखादा बिघडला तरी काम अडत नाही. असली रचना मला मनापासून आवडते.

बुधवार, ५
सातमधला श्वासवाला हट्टी निघाला. कोठीत चिटपाखरू नाही, दोघं शून्य म्हणतात, हा म्हणतो एक. नवा बसवला, त्याचंही तेच पालुपद. मुकादम आत पाऊल टाकेनात. म्हणाले, गेल्या वर्षी एक हमाल कोठीत अडकला, तेव्हाही हा एकटाच एक म्हणत होता. प्रेत नेलं, आकडा मात्र गेला नाही. मी ते हसण्यावारी नेलं.

गुरुवार, ६
नवा नियम घातला : तीनदा वेगळा आकडा देणाऱ्याला बाकीच्यांनी वाळीत टाकायचं. साहेब खूश.

शुक्रवार, ७
जेवताना घास हातातच राहिला. आपला थंडीचा कोट अंगाची ऊब बाहेर पडूच देत नाही! कोटातला माणूस त्या दोघांना दिसणारच नाही. दोघं एकाच बनावटीचे, चुकणार तर जोडीनं. हमाल असाच गेला. आणि खरं बोलणाऱ्याचं तोंड मी बंद केलं. लाज वाटली. उद्या त्याला परत जोडतो, आणि त्याच्या एकट्याच्या आकड्यावरही दार उघडं राहील असं करतो. बटण त्याच्या पाठीलाच आहे.

शनिवार, ८
सातमध्ये गेलो. श्वासवाल्याला भिंतीवरून काढायचे स्क्रू गोठलेले. त्यांच्याशी झटण्यात एक वाजला, दार लागलं. फोन टेबलावर. घंटा दाबली, पण रिकाम्या कोठीतली घंटा बाहेर वाजतच नाही. सोमवारपर्यंत कोणी येणार नाही.

श्वासवाल्यावर दोन. बाकीच्यांवर शून्य.

कोट काढला, ऊब दिसावी म्हणून. बराच वेळ उभा राहिलो — शून्य.

थंडी वाजत नाही. भीतीही नाही. बायकोचा चेहरा आठवून पाहिला, पण नीट —

श्वासवाल्यावर आता एक. अगदी जवळ जाऊन फुंकलं. एकच.

पेट्यांमागून वाफ येतेय. संथ. माझ्या तोंडासमोर मात्र —