तलावावर वाजवलेली शिट्टी

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

चोर दिसला की वाजवायची म्हणून ग्रामपंचायतीने सुरक्षा समितीतल्या आम्हा बायांना शिट्ट्या दिल्यात. आज पहिल्यांदा वाजली, ती माझीच. तलावावर कोणीतरी आमचं मासळीचं जाळं ओढून नेत होतं.

शिट्टीबरोबर गाव धावलं, पण तलावाकडे नाही! डबे, थाळ्या बडवत सगळे धानाच्या बांध्यांत. सवयच तशी. धान पिकत आलं की गलका म्हणजे रानडुकरंच. मी काठावर एकटीच ओरडतेय. पाहते तर जाळं तिथेच पडलेलं. मग चोर कुठे गेला?

बांध्यांकडे गेले. शेजारच्या गावचा एक माणूस, कमरेपर्यंत ओला, सगळ्यांच्या पुढे काठी आपटत होता.

“डुक्कर कुठी हाय, बाई?” मलाच विचारतो!

“डुक्कर नाई आलं. पण तू काऊन ओला झाला रे?”

त्याची काठी थांबली. आधी सरपंचबाईच हसल्या, मग सगळे. जाळं त्याच्याकडूनच परत बांधून घेतलं.

शिट्टी फसली म्हणायची का? म्हणोत. चोरी टाकून आमचं धान राखायला धावला तो. आज दार लोटलं, पण कडी घालावीशी वाटली नाही.