दीवला सगळे थांबले होते

दीव, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
मायाचा सप्रेम जयभीम.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. याचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवीन. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुला सोडून आले, तेही त्याच्या आग्रहानं. हिंगण्याहून तुझ्यापाशी राहायला आलाच आहे, तर त्याला जरा राबव.

बेटावरचं हे जुनं गाव पायीच दाखवतात. गाइड दर वळणावर माणसं मोजतो. आज एक आजी मागे राहिल्या, तर त्यानं आम्हा वीस जणांना पाव तास उन्हात उभं केलं. लोक कुरकुरले, मला मात्र तुझी आठवण आली. परवा किल्ला आहे. गोळ्या वेळेवर घे.

तुझा हात डोक्यावर असू दे.
माया

मनीषनगर, नागपूर, ११ फेब्रुवारी

चि. माया,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आईला दाखवलं. हसली. म्हणाली, "पाय दुखले तं बसून घेजो वं." सकाळी पोहे खाल्ले, आता झोपली आहे. व्हिडिओ कॉल करू नकोस, तिला त्रास होतो. परतायची घाई नको, सहल पुरी कर.

लोभ आहेच, तो वाढव.
धम्मानंद

मनीषनगर, १८ फेब्रुवारी

धम्मानंददादास,
जयभीम.

तू हिंगण्याला निघून गेलास, म्हणून लिहिते. समोर असतास तर मला बोलता आलं नसतं.

आई दहा तारखेला पहाटे गेली. दुपारी तुम्ही तिला नेलंत. आणि अकराला तू मला तिचे पोहे लिहिलेस. ते वाचून मी खरंच किल्ल्याच्या पायरीवर बसले आणि हसले, दादा. संध्याकाळी तिला दोन पानं लिहिली. ती कोणाला दाखवलीस?

परतले तेव्हा दारातल्या चपला बघून कळलं. तू म्हणालास, "तुह्या सहलीचा काहून खोळंबा कराचा?" शेजारच्या पुष्पलताकाकू म्हणतात, चांगल्या मनानंच केलं असेल. असेलही. पण अकरा वर्षं तिला मी न्हाऊ घातलं, शेवटची अंघोळ तेवढी दुसऱ्यांनी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पोहोचले असते.

दीवच्या त्या गाइडला आजींचं नावही ठाऊक नव्हतं. तरी तो थांबला.

खाली लोभ असावा असं लिहायची हाताला सवय आहे. आज लिहीत नाही.
माया