रविवारची चाळीस मिनिटं

८ जानेवारी २००१, सोमवार

आले बाई एकदाची जबलपूरला! आर्वीहून नागपूर, तिथून शिवनीमार्गे बस. अंगाचा पार भुगा झाला, पण तोंडावरचं हसू काही जाईना. कांचघरला बेबीताईंकडे खोली मिळाली आहे. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून इथलंच, त्यामुळे एका वाक्यात मराठी नि हिंदी दोन्ही असतात. दारातच म्हणाल्या, आव दीदी, पहले चाय घे, मग सामान पाहू.

ऑफिस बडा फुहारा चौकापाशी. कापडाची घाऊक कंपनी, तीन मजले, बत्तीस फोन. माझं काम मजेदार आहे. एक मशीन आहे, ते कोणत्या एक्स्टेन्शनवरून, कोणत्या नंबराला, किती वाजता, किती मिनिटं फोन झाला, सगळं टिपतं. वरून बोलणंही रेकॉर्ड करतं. मी रोज सकाळी कालचा रिपोर्ट काढायचा, घरगुती फोनांवर लाल पेन्सिल मारायची आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. माझं स्वतःचं एक्स्टेन्शन सत्तावीस. राज्य वेगळं झालं नि रायपूरची शाखा नोव्हेंबरपासून परराज्यात गेली, तर तिथले फोन कोणत्या खान्यात टाकायचे यावरच आज अर्धा दिवस वाद झाला.

काम शिकवतात ते गुणवंतजी. चार वर्षं ही खुर्ची त्यांची होती, आता ते खाली गोदामाचं पाहतात. मराठीच आहेत. फार मऊ माणूस. घसा मात्र पार बसलेला, कुजबुजल्यासारखं बोलतात. तंबाखूनं असेल.

तीन महिन्यांत पक्की झाले की बाबांना इथे आणायचं. आई गेल्यापासून दोन वर्षं एकटे आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नुसत्या सावल्या दिसतात. इथे आणून डोळे करून घेईन. म्हातारबा आत्तापासूनच ट्रंक भरून बसलेत.

१२ जानेवारी, शुक्रवार

चार दिवसांत अख्ख्या ऑफिसची सवत झाले! माझ्या लाल पेन्सिलीमुळे दोघांना साहेबांनी बोलावून घेतलं. आता मी जिन्यावरून गेले की बायका गप्प होतात. होऊ द्या. मी काही कुणाच्या घरचं खाऊन राहिले नाही.

पण दुपारी मलाच राहवलं नाही, बाबांना फोन लावला. दोनच मिनिटं. थंडी खूप आहे इथं, जेवण बरं आहे, ठेवते. गुणवंतजी मागे उभे होते! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हसले. स्वतःची ओळ कशी पुसायची ते त्यांनीच दाखवलं. दोन बटनं दाबायची, की फोन झालाच नाही. म्हणाले, या खुर्चीवरचा माणूस आपलं नाव लिहीत नसतो, घाबरायचं काहून? देव भलं करो त्यांचं.

२२ जानेवारी, सोमवार

आज रिपोर्टात हे निघालं: काल रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं, एक्स्टेन्शन सत्तावीस, चाळीस मिनिटं. नंबर आमच्या आर्वीच्या घरचा.

रविवारी ऑफिसला कुलूप असतं. मी कपडे धूत होते, बेबीताई साक्षीला. माझं डोकंच फिरलं. चपराशी नथ्थू, पन्नाशीचा बाप्या, त्याला जिन्यात उभा करून असं झापलं की तो नर्मदामैयाच्या शपथा घेऊ लागला. मग रेकॉर्डिंग लावलं, चोर पकडायला.

माझा आवाज. तो माझाच होता, हुबेहूब. थंडी खूप आहे इथं, जेवण बरं आहे — हे तर मीच बोललेले शब्द, त्या शुक्रवारपासून रोज दोन-दोन मिनिटं करून पुसलेल्या फोनांमधले. पण ती 'ठेवते' म्हणाली नाही. पुढे बोलत राहिली. बाबा, डोळ्यांत थेंब घातले का? भाकरी कोण टाकून देतं? आईची आठवण येते का हो? बाबा हसत होते, मग रडत होते, मग परत हसले. मी हे त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

ती ओळही मी पुसून टाकली.

२९ जानेवारी, सोमवार

परत. एक वाजून दहा. चाळीस मिनिटं.

नथ्थूची माफी मागितली. दुपारी बाबांना फोन केला, तर मला बोलूच देईनात. काल किती मोकळी बोललीस बेटा, म्हणाले, आज पुन्हा घाईत काहून आहेस? मी काय सांगणार? हो म्हटलं. आणि खरं सांगते, भीतीआधी मला राग आला. हेवाच वाटला, दुसरं काय!

माझा घसा बसला आहे. बेबीताईंनी हळद घालून दूध दिलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

या रविवारीही तिचा फोन झाला. घसा आणखी गेला. डॉक्टर म्हणतात काही नाही, बोलू नका.

आज जिन्यात कुणीतरी नथ्थूला हाक मारली. असा खणखणीत आवाज की मी बाहेर येऊन पाहिलं. गुणवंतजी होते. मला पाहून त्यांनी मान खाली घातली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

गोदामात जाऊन त्यांना गाठलं. रेकॉर्डिंगचं सांगितलं. मला वाटलं होतं दचकतील, हसतील, वेडी म्हणतील. ते तसेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसून राहिले. तेव्हा समजलं की या माणसाला सगळं माहीत होतं.

मग बोलले, चांगल्या मोठ्या आवाजात. चार वर्षं त्यांनीही स्वतःचे फोन पुसले, नागपूरच्या बहिणीला केलेले. पुसलेलं कुठे जातं ते माहीत नाही, पण कुणीतरी ते उचलतं आणि बोलायला लागतं. आता बहीण दर रविवारी त्या दुसऱ्या गुणवंतशी बोलते. हे तिच्या दारात गेले, तर तिच्या घरच्यांनी भामटा म्हणून हाकललं. घशातून शब्द निघत नव्हता, सिद्ध काय करणार? खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली की आवाज परत येईल असं वाटलं होतं. आला.

मग ती दोन बटनं मला काहून दाखवली, मी विचारलं. जेमतेम हवा निघाली तोंडातून.

म्हणाले, पोरी, तू पुसलंस तरच माझा आवाज सुटणार होता. मला माझी बहीण पाहिजे होती.

आणि मी या माणसाला देवमाणूस म्हणून राहिले होते. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, तर रडण्यालाही आवाज नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सत्तावीसची वायर भिंतीतून उपटून काढली. फोन माझ्या पिशवीत घालून घरी आणला. आता कर म्हटलं फोन.

१९ फेब्रुवारी, सोमवार

एक्स्टेन्शन सत्तावीस. एक वाजून दहा. चाळीस मिनिटं.

फोन माझ्या खोलीत, खाटेखाली होता.

रेकॉर्डिंगमध्ये ती बाबांना सांगते — माझ्या नावानं एक बाई फोन करते, बाबा. घोगऱ्या आवाजाची. दोनच मिनिटं बोलते, सदान् कदा घाईत असते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. विचारून पाहा तिला, आईनं शेवटी काय मागितलं होतं.

बाबा म्हणाले, हो बेटा. मलाही वाटायचंच, माझी इंदू अशी तोडून बोलणार नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

कांचघरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. बाबांनी तेच विचारलं. आईनं शेवटी काय मागितलं?

मी होते की तिथे. मीच उशाशी होते. पण काही आठवेना. पाणी, म्हटलं.

पलीकडून बाबांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतल्याची खरखर आली. मग म्हणाले, तुम्ही कोण बोलता?

तुम्ही. माझ्या बापानं मला तुम्ही म्हटलं. लहानपणी मार दिला, घराबाहेर उभं केलं, तेव्हाही तू होते मी. बूथवाला भैया विचारत होता, दीदी, क्या हुआ — मी नुसतं तोंड हलवलं.

आईनं पंखा बंद करायला सांगितला होता. बूथबाहेर आल्यावर आठवलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना रिपोर्ट दाखवायला गेले. म्हटलं, कागद तरी खरं बोलेल. जानेवारीपासूनचा सगळा काढला. त्यात माझे फोन नाहीतच. पुसलेत ना मी. रविवारची एक ओळ पुसली होती, तीही परत आली आहे. सत्तावीसवरून घरी फोन करणारी कागदावर एकच इंदू, ती.

साहेबांनी मलाच मेमो दिला. गुणवंतजी तिथेच उभे होते. एक शब्द बोलले असते तर — नाही बोलले. एवढा चांगला आवाज परत आला, आणि नाही बोलले.

उद्याच निघते. समोर गेले, हात हातात घेतला की ओळखतील. बाप आहे तो माझा.

२५ फेब्रुवारी, रविवार. आर्वी

ओट्यावर बसून लिहून राहिले. वेळ टाकते, सवयच लागली आहे.

१२.३५ — दार वाजवलं. आतून विचारलं, कोण? इंदू म्हटलं, जेवढं निघालं तेवढं. म्हणाले, आवाज तर तसा नाही. कडी काढली नाही.

१२.५० — खिडकीच्या गजांतून हात आत घातला. बाबा, नुसता हात धरून पाहा. मागे सरकले. भ्याले मला. माझे बाबा मला भ्याले.

१२.५५ — पंखा, म्हटलं. आईनं पंखा बंद करायला सांगितला होता. किती घासून, किती जोर लावून म्हटलं. त्यांना ऐकूच गेलं नाही. कोपऱ्यात ट्रंक दिसते. भरलेली, वरून दोरी बांधलेली.

१.०५ — शेजारच्या शकुकाकू बाहेर आल्या. पाहत राहिल्या. गेल्या रविवारीच तर तुझ्याशी फोनवर बोलले, म्हणाल्या, तूच म्हणालीस ना, माझ्यासारखी दिसणारी एक येईल — आत गेल्या, दार लावलं.

१.१० — आत फोनची घंटा. बाबा धावले. ठेचकाळले तरी धावले.

१.१४ — सांगून राहिले तिला. आली आहे बेटा, ओट्यावर बसली आहे. तू म्हटलं तशीच. नाही, उघडत नाही.

१.२५ — हसून राहिले.

१.४० — ट्रंकेची दोरी सोडून राहिले. तिला म्हणतात, मग मी येत नाही जबलपूरला, तू म्हणतेस तर इथेच बरा. तूच ये. कधी येतेस?

आज. आजच येते म्हणाली असेल, कारण बाबा डोळे पुसून —

१.४७ — दाराच्या फटीला तोंड लावलं. सगळा जीव एकवटून 'बाबा' म्हटलं. ओठ हलले. हाक आतून आली, फोनमधून. स्पष्ट, गोड, माझी.

बाबा तिला म्हणाले, हो बेटा, आहे ना मी.

मग दाराकडे वळून मला म्हणाले, बाई, तुम्ही जा आता, माझी इंदू घरी येऊन राहिली, तुम्ही —