सड्यावरचे मैदान आणि माझे 'व्हय महाराजा'

मी, भास्कर जनार्दन तोडणकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बागायती, राहणार पावस, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओटीवर बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अशा कागदात हे वाक्य सगळेच लिहितात, पण माझे तेवढ्याने भागणार नाही. गेला आठवडाभर माझे डोके ठिकाणावर नसल्याचा एक व्हिडिओ अर्ध्या तालुक्याच्या मोबाईलवर फिरतो आहे. त्यात मी जे बोललो ते का बोललो, हे याच कागदात लिहून ठेवतो. उद्या कोणी तो व्हिडिओ कोर्टात नेलाच, तर साहेबांनी आधी हे वाचावे.

डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यासाठी मुद्दाम रत्नागिरीस जाऊन अनोळखी डॉक्टर गाठले. ओळखीचे जे आहेत ते माझा पुतण्या गावी आला की त्याच्याबरोबर कॅरम खेळतात.

१. माझी माणसे. पत्नी सौ. मालिनी हयात आहे. आम्हांस मूलबाळ नाही. धाकटा भाऊ वारला. त्याचा मुलगा विनोद विरारला असतो. याखेरीज मला वारस नाही. माझ्यामागे कोणी नवा उपटलाच तर तो खोटा समजावा.

२. घर आणि खालची हापूसची बाग वडिलोपार्जित आहे. ती मालिनीने हयातभर खावी, तिच्यामागे विनोदकडे जावी. आजोबांनी लावलेल्या कलमांवर माझा राग काढण्याचा मला हक्क नाही. विनोद दर वैशाखात पेट्या न्यायला येतो, तसा येत राहील. श्रावणात तो आजवर कधी आला नव्हता. यंदा आला. हे ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

३. मैदान. सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळमाथ्यावरची, ही जागा माझ्या स्वकमाईची आहे. मुंबईस गोदीत नोकरी केली, गोदीच्या फुटबॉल संघात गोल राखला, आणि निवृत्त होऊन आल्यावर ही जागा घेतली. वर माड नाही, खाली माती नाही, नुसता जांभा. लोक हसले. जिथे कुदळ उडून अंगावर येते तिथे हा काय पेरणार, असे माझ्या सख्ख्या भावाने चारचौघांत विचारले होते. मी माती आणून पसरली, पावसाळ्यात गवत धरले, दोन्हीकडे बांबूचे गोल उभे केले. पावसाळ्यात मासेमारी बंद, मिरकरवाड्याचे खलाशी घरी बसलेले, आणि आमच्या बागायतीतही हाताला काम नसते. तेव्हा स्पर्धा सुरू झाली ती आजतागायत. अंतिम सामना नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी होतो, कारण पौर्णिमेनंतर त्यांची पोरे होड्यांवर जातात. यंदा आमचे सडा क्रीडा मंडळ, पावस, आणि त्यांचे दर्यावीर मंडळ, मिरकरवाडा, समोरासमोर आहेत. सामना परवावर आला आहे.

आता त्या जागेपर्यंत डांबरी रस्ता झाला. वरून समुद्र दिसतो. हसणारे हसायचे थांबले आणि मोजायला लागले.

४. व्हिडिओ. गेल्या शनिवारी मी कमळा भाटकर हिच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. मिरकरवाड्याची पोरे मैदान बघायला आली होती, आमचीही होती. त्यांचा पुढच्या फळीतला विनीत नावाचा खेळाडू मोबाईलवर काहीबाही बोलला होता, त्यावरून वाद पेटला होता. पावसच्या पोरांना गोल मारायला बूट कशाला हवेत, आम्ही चपला घालून मारू, असे काहीतरी. सामन्याआधी असे बोलावे की बोलू नये, यावर टपरीचे दोन भाग पडले. एकजण म्हणाला, टीव्हीवरचे मोठमोठे खेळाडू कपच्या आधी हेच करतात, समोरच्याचे डोके फिरवणे हादेखील खेळच आहे. दुसऱ्याचे म्हणणे, बोंब मारायला शिमगा दिला आहे, श्रावणात जीभ आवरावी. आमचा गोलकीपर बाबल्या म्हणाला की मिरकरवाड्यातली तोंडे बर्फात ठेवली तरी वास मारतील. म्हणजे बोलू नये म्हणणारेही बोलतच होते. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, गोलात उभ्या माणसाला मागून प्रेक्षक शिव्या देतात आणि पुढून खेळाडू देतात. पुढच्यांचा राग कधी आला नाही, कारण त्यांचे तोंड दिसते.

तेवढ्यात विनीत बाकावर उभा राहिला. हात जोडले, आणि आमच्याकडे देवळात घालतात तसे गाऱ्हाणे घालायला लागला. सूर अगदी तोच. "बा देवा महाराजा, पावसच्या पोरांच्या पायात नवे बूट हायत, पन बुटात पाय न्हाईत. त्यांचा बाबल्या बॉल आला की डोळे मिटतो. त्याला रविवारी उघड्या डोळ्यांनी धा गोल बघायची ताकद दे रे महाराजा!"

आणि मी म्हणालो, "व्हय महाराजा!"

सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने. एका हातात चहाचा ग्लास, दुसरा हात कपाळाशी, डोळे मिटलेले. मागचे पुढचे काही कळले नाही. परजिल्ह्यातल्या साहेबांसाठी खुलासा करतो. गावचे गाऱ्हाणे केरू गोताड घालतो, आणि प्रत्येक मागणीवर पहिला 'व्हय महाराजा' म्हणण्याचा मान तोडणकरांचा आहे. वडील गेल्यापासून तो मी सांभाळतो. शिमग्याला, पेरणीला, पालखीला. सूर 'महाराजा'वर आला की तोंड आपोआप उघडते. हा वेडेपणा नव्हे, सवय आहे.

५. व्हिडिओ कोणी काढला. त्यात पुढे बिस्किटांची बरणी दिसते आणि बरणीच्या मागून मी. म्हणजे काढणारा गल्ल्याच्या बाजूला होता. तिथे कमळा होती, तिच्याकडे साध्या बटणांचा फोन आहे. आणि तिथे विनोद होता. श्रावणात कधी न येणारा. व्हिडिओखाली लिहिले होते, 'काकांचे आता काही खरे नाही, काळजी वाटते.' ज्याला काळजी वाटते तो घरी सांगतो, तालुक्याला नाही. माझे काही बरेवाईट झाले तर मैदान मालिनीकडे, तिच्यामागे त्याच्याकडे. आणि मी आधीच मंडळाला लिहून दिले, तर म्हातारा शुद्धीवर नव्हता म्हणायला व्हिडिओ तयार. त्याच्या मोबाईलमध्ये कोणा हॉटेलवाल्याने काढलेला सड्याचा नकाशा मी स्वतः पाहिला आहे. आमचे मैदान त्यात पोहण्याचा तलाव झाले आहे.

६. मंडळ. जे मंडळ मी उभे केले, त्याने बुधवारी बैठक घेतली आणि मला बोलावले नाही. रविवारी खेळाडूंच्या मंडपात काकांनी बसू नये असे ठरले. काका मिरकरवाड्याला फितूर आहेत असे कोणी म्हणाले, म्हातारचळ लागला आहे असे कोणी म्हणाले. फितूर आणि वेडा, दोन्ही एकदम कसा असेन, हे कोणी विचारले नाही. बाबल्याला चेंडू धरायला मी शिकवले. तो गोलाची जाळी ठेवलेल्या खोलीची किल्ली न्यायला येतो तो आता फाटकातूनच मागतो. मला फार लागले. कागद कायद्याचा असला तरी हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मालिनीवरही मला संशय आहे, तोही लपवत नाही. रोज सकाळी ती मला विचारते, आज वार कुठला. कॅलेंडर तिच्या डोक्याशी टांगलेले असताना. श्रावणात प्रत्येक वाराचे वेगळे असते म्हणून विचारते म्हणाली. मी वार बरोबर सांगतो. विनोद आला की त्याला घावणे, नारळाचा रस, आणि दोघांचे स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलणे. मी गेलो की बोलणे थांबते.

७. विनीत. परवा भर पावसात तो मोटरसायकलवरून आला. मी फाटक उघडले नाही. तो फाटकाबाहेरूनच बोलला, "काका, मी बोललो ते बाबल्याला बोललो आणि रविवारी परत बोलणार. खेळात बोलायचंच असतं. पण तुम्ही व्हय म्हणालात आणि पोरं तुम्हाला हसली, ते मला बरं वाटलं नाय." मग त्याने न विचारता सांगितले की बाकावर चढायच्या आधी विनोदने त्याला सुचवले होते, गाऱ्हाणे घाल आणि तोंड काकांकडे कर, गंमत येईल.

मला त्याचाही संशय आला. असे सांगून याला काय मिळवायचे आहे? तसे विचारलेच. तो म्हणाला, काही नको, फक्त रविवारी मैदानावर रेती टाकू नका, चिखल राहू दे, तुमचा बाबल्या चिखलात डावीकडे घसरतो. मी म्हणालो, हे मी बाबल्याला सांगेन. तो म्हणाला, सांगा, घसरायचा तो घसरणारच. मी विचारले, मैदान कोणाच्या नावे करू? तर म्हणाला, "मला कशाला विचारता? मी तुमच्या विरुद्ध आहे."

आठवडाभरात माझ्याशी समोरून बोललेला हा एकटा माणूस. फाटक उघडले, चहा दिला. बाबल्याला चिखलाचे सांगितले आहे.

८. म्हणून मैदानाची व्यवस्था अशी. सड्यावरची जागा माझ्यामागे सडा क्रीडा मंडळ, पावस, आणि दर्यावीर मंडळ, मिरकरवाडा, या दोघांच्या नावे समाईक राहील. विकणे, गहाण टाकणे, भाड्याने देणे यांस दोन्ही मंडळांचे एकमत आणि दोघांच्या सह्या लागतील. ही दोन मंडळे नाणे कोणी उडवावे यावर कधी एकमतास आलेली नाहीत. पंच कोण, लिंबू कोणी आणायचे, गोल झाला की नाही झाला, कशावरच नाही. रजिस्ट्री ऑफिसच्या कुलपापेक्षा माझा या भांडणावर भरवसा अधिक आहे. त्यांनी ते असेच चालू ठेवावे.

जाळ्यांच्या खोलीची एक किल्ली बाबल्याकडे, एक विनीतकडे. सामन्याआधी दोन्ही संघांनी एकमेकांना काय हवे ते बोलावे, पण मैदानात उभे राहून, नाव घेऊन, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. बरणीच्या मागून बोलणाऱ्यास मैदानावर बंदी. विनोदने अंतिम सामन्यास जरूर यावे. तिकीट काढून यावे.

या कलमाची अंमलबजावणी ~~कमळा शांताराम भाटकर~~ सौ. मालिनी भास्कर तोडणकर हिने करावी.

९. किरकोळ. माझे गोदीच्या संघातले हातमोजे बाबल्याला. भोके पडली आहेत, तरी त्याच्या हातांपेक्षा बरे धरतात. हवा भरायचा पंप कमळाच्या टपरीवर ठेवावा, चेंडूची हवा नेहमी तिथेच जाते. मंडपातली माझी लाकडी खुर्ची मंडळाने रविवारी रिकामी ठेवली तरी चालेल. मी बांधावरून बघेन.

१०. वाचन. हा कागद आज साक्षीदार केरू धोंडू गोताड याने माझ्या विनंतीवरून मोठ्याने वाचला. मी त्याला सांगितले, देवळात घालतोस त्या सुरात वाच, प्रत्येक कलमाच्या शेवटी 'महाराजा' म्हण, आणि मी कुठे बोलतो ते बघ. त्याला हे विचित्र वाटले, पण त्याने तसे केले. घराचे कलम झाले, मी गप्प. व्हिडिओचे झाले, गप्प. मंडळाचे झाले, जीभ दाताखाली धरली, पण गप्प. कमळा समोर बसून बघत होती. सवय माझ्या ताब्यात आहे, मी सवयीच्या ताब्यात नाही, हे यावरून सिद्ध व्हावे.

मैदानाचे कलम संपले. केरू 'महाराजा' म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "व्हय महाराजा."

मालिनी दारात आली. हाताला हळदकुंकू होते. मला वाटले सवयीने म्हणाली असेल, म्हणून विचारले, काय ऐकलेस ते कळले का? ती म्हणाली, "आज शुक्रवार. जिवती लावली. तुम्हाला मूल नाही, मग जिवती कुणासाठी लावतेस, असं लग्नापासून मला सगळ्या विचारतात. सड्यावर पोरं पडतात-झडतात, त्यांच्यासाठी लावते. मैदान विकू नको हेच मी विनोदला रोज सांगत होते. तुम्ही आलात की गप्प व्हायचे, उगाच तुमचा पारा चढेल म्हणून."

आठव्या कलमात कमळाचे नाव होते, ते खोडून मालिनीचे घातले आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे, तिच्याजवळ माझी सही आहे. कमळाची हरकत नाही. मग केरूला ते कलम पुन्हा वाचायला सांगितले, आणि यावेळी डोळे उघडे ठेवून, दारात उभ्या असलेल्या मालिनीकडे बघून, मी व्हय महाराजा म्हणालो.

सही: भास्कर जनार्दन तोडणकर

आमच्यासमोर वाचून, समजून, आमच्यादेखत सही केली. दारातून आणि ओटीवरून, दोन्हीकडून होकार आम्ही कानांनी ऐकला.

साक्षीदार:
१. केरू धोंडू गोताड, राहणार पावस
२. कमळा शांताराम भाटकर, राहणार पावस

स्थळ: पावस, जि. रत्नागिरी
दिनांक: १ ऑगस्ट २०२५, शुक्रवार (वार मी कोणाला न विचारता लिहिला आहे.)