स्पंजाला तीन शिट्ट्या

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी (हात साबणाने दोनदा धुऊन) नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून दम लागतो का? तुमच्या माशांच्या टाकीतली मंडळी कशी आहेत? सगळी जिवंत आहेत ना? फिल्टर चालू आहे ना, आणि तो अलीकडे कुणी धुतला वगैरे नाही ना? (हे शेवटचे प्रश्न अगदी सहज विचारले आहेत.)

माझं अक्षर पाहून तुम्ही आधी चष्मा पुसला असेल. आपण बोलत नाही त्याला चार वर्षं होऊन गेली, तेव्हा पत्र आलं म्हणजे घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं असणार असं वाटणं साहजिक आहे. तसं काही नाही. निदान माणसांमध्ये तरी नाही. फोन केला असता, पण तुम्ही तो उचलला नसतात, आणि उचलला असतात तर मी दुसऱ्याच वाक्याला काहीतरी बोलून बसले असते. पत्रात खोडता येतं. (हा तिसरा कागद आहे. पहिले दोन वाचले असतेत तर आणखी चार वर्षं गेली असती.)

तर तुमच्या भाचीला मुलगी झाली हे तुम्हाला कळलं असेलच. तुमचे बंधुराज मला जे सांगत नाहीत ते सगळं तुम्हाला सांगतात. बाळंतीण लेक सहसा आईला बोलावते. आमच्या लेकीने बापाला बोलावलं. मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर होते, मोठेमोठे सर्जन माझ्यासमोर पुन्हा हात धुवायला जायचे. आणि ज्या माणसाला आपल्या घरात दुधाचं पातेलं कुठलं ते सांगता येत नाही, तो माणूस दीड महिना बाळ-बाळंतिणीची सेवा करायला गेला. का, ते तिचं तिलाच ठाऊक. मी बॅग भरून दिली. (त्यात घातलेले दोन डझन मास्क आणि हात धुवायच्या औषधाच्या तीन बाटल्या हे गेल्यावर मला कपाटात चादरींच्या मागे सापडल्या.) लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. दोन दिवस मी नुसत्या फरश्या पुसल्या. मग मनाशी ठरवलं की यांची माशांची टाकी आपण अशी सांभाळून दाखवायची, की लेकीला कळावं, आईच्या हाती लहान जीव सोपवता येतो. मग ती आपणहून बोलावेल आणि मी नातीला मांडीवर घेईन. एवढाच माझा हेतू होता, आणि त्यात वाईट काही होतं असं मला अजूनही वाटत नाही.

टाकी तुम्ही पाहिलेली आहे. बैठकीच्या खोलीतली, चार फुटी, अकरा वर्षं बिनतक्रार चाललेली. त्यात सहा बारके मासे आणि एक केशरी म्हातारा. म्हातारा म्हणजे यांचा जीव की प्राण. हे खोकले की तो काचेशी येतो. मी खोकले की दगडामागे जातो. यांनी जाताना चिठ्ठी लिहून ठेवली होती: चिमूटभर खाणं, दिवसातून एकदा, आठवड्याला थोडं पाणी बदलणं, नव्या पाण्यातलं क्लोरीन मारायला बाटलीतले थेंब, आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून, फिल्टरला हात लावायचा नाही. मी फिल्टरला हात लावला नाही. ग्लव्हज घातले होते आणि त्यातला स्पंज चिमट्याने उचलला.

वन्सं, तो स्पंज तुम्ही पाहायला हवा होता! तपकिरी, बुळबुळीत, दाबला की चिखलासारखं पाणी सोडणारा. आमच्या थिएटरात असलं काही निघालं असतं तर तीन दिवस ऑपरेशनं बंद ठेवून चौकशी बसली असती. आणि हे त्यातून फिरलेलं पाणी त्या मुक्या जीवांना अकरा वर्षं पाजत होते! मी मासे बादलीत काढले, जुना कुकर काढला आणि स्पंजाला तीन शिट्ट्या दिल्या. तळाचे गोटे वेगळ्या पातेल्यात उकळले. काच आतून घासली. प्लास्टिकची झाडं गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवली. नवं पाणी भरलं. (क्लोरीन मारायचे थेंब निम्मेच घातले. क्लोरीन मारायला माझा हात धजेना. इतकी वर्षं तेच आपल्या बाजूचं होतं.) संध्याकाळी दिवा लावला तर पाणी आहे की नाही हे कळू नये इतकी टाकी लख्ख. मी समोर खुर्ची टाकून बसले आणि बऱ्याच दिवसांनी मला शांत वाटलं.

चौथ्या दिवशी पाणी पांढुरकं झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडून धापा टाकायला लागले. कोपऱ्यावर टाक्यांचं दुकान आहे, त्या टाकीवाल्याकडे गेले. त्याने पाणी तपासायची एक पेटी दिली: नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. अमोनिया मला माहीत होता तो बेशुद्ध माणसाच्या नाकाशी धरायचा. टाकीत तो माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होतो आणि त्यात त्यांचे कल्ले जळतात, असं तो म्हणाला. घरी येऊन तपासलं. आमच्या थिएटरातल्या चादरींचा रंग तुम्हाला आठवत असेल तर तोच.

आता अमोनिया घाणीतून होतो म्हटल्यावर शहाण्या बाईने काय करावं? आणखी साफसफाई करावी. मी केली. दर तिसऱ्या दिवशी स्पंजाला तीन शिट्ट्या, रोज निम्मं पाणी बदल. टाकीच्या काचेवर पेशंटच्या पलंगाला लावतात तसा तक्ता लावला: वेळ, तापमान, अमोनिया, पेशंटची हालचाल. रंग हलेना. टाकीवाला म्हणाला, खाणं कमी करा. अर्धी चिमूट केली. मग पाव केली. मग एक दिवसाआड. (म्हातारा माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा तशा नजरेने मला आजवर एकाच पेशंटने पाहिलं आहे, तो भूल उतरायच्या आधी उठून बसला होता.) टाकीवाला म्हणाला, एखादा मासा मरून कुठे अडकला असेल. हजेरी घेतली, सातही हजर. तो म्हणाला, नळाचंच पाणी तपासा. तपासलं, स्वच्छ पिवळं. प्रत्येक वेळी तो शेवटी विचारायचा, फिल्टर साफ असतो ना? आणि मी अभिमानाने सांगायचे, अगदी! मग तोही कोड्यात पडायचा. त्याच्या अठरा वर्षांच्या धंद्यात इतक्या स्वच्छ टाकीत इतका अमोनिया त्याने पाहिला नव्हता.

या सगळ्यात रोज संध्याकाळी यांचा फोन, आणि टाकी दाखव म्हणून हट्ट. मी फोन असा धरायचे की म्हाताऱ्याची शेपटी तेवढी दिसावी, आणि यांनी काही विचारलं की हॅलो हॅलो करायचे. चौतीस वर्षांत कुठल्याही रजिस्टरमध्ये खोटी नोंद न केलेली मी रोज सांगत होते, सगळं छान आहे. मागच्या आठवड्यात दोन बारके मासे गेले. मी किती मृत्यू पाहिले आहेत ते तुम्ही जाणता, आणि त्यांना कुंडीत पुरताना मला रडू आलं. तेही यांना सांगितलेलं नाही. हे अठरा तारखेला येतात. आज सहा.

परवा टाकीवाला आपणहून घरी आला, म्हणाला, एकदा डोळ्यांनी बघतोच. टाकी पाहिली, तक्ता पाहिला (तक्त्याचं त्याने कौतुक केलं), आणि मग त्याची नजर गॅलरीत गेली. तिथे दोरीवर, दोन चिमटे लावून, स्पंज वाळत होता. दुकानात नवा मिळतो त्याच्याहून पांढरा. तो म्हणाला, हे काय? मी सांगितलं. कुकर सांगितला, शिट्ट्याही सांगितल्या. तो न विचारता स्टुलावर बसला. त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने मला, लहान मुलीला सांगावं तसं, समजावून सांगितलं की तो तपकिरी बुळबुळीतपणा म्हणजेच टाकीचा जीव. त्यात कोट्यवधी जंतू असतात आणि ते अमोनिया खाऊन टाकतात. माशांचं पाणी मासे जगवत नाहीत, जंतू जगवतात. 'बाई, तुम्ही सगळे मारलेत. आणि परत यायला लागले की तिसऱ्या दिवशी पुन्हा मारलेत.'

मी त्याला म्हटलं, जंतू वाईट असतात. तो म्हणाला, हो, पण सगळे नाहीत. हे मला निवृत्त झाल्यावर, एका टाकीवाल्याकडून, स्वतःच्या घरात ऐकायला लागलं. रात्रभर डोक्यात तेच. पण काळजीचं कारण नाही. त्याच्याकडे जिवंत जंतूंची बाटली मिळते, ती आणून टाकीत ओतली आहे. (आयुष्यात पहिल्यांदा मी जंतू विकत आणले. पिशवीत घालून, कुणाला दिसू न देता.) तेव्हा इकडे सगळं मार्गी लागलं आहे. सहज आठवण आली म्हणून लिहिलं. तब्येतीला जपा, औषधं वेळेवर घ्या, आणि रागात असलात तरी मोठ्या आहात, तेव्हा आशीर्वाद असू द्या.

तुमची आज्ञाधारक (हसू नका),
भावजय

ता. क. बाटलीचं वर लिहिलं ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. बाटलीने काही झालेलं नाही. एक तर मोजायचा चमचा मी उकळत्या पाण्यातून काढून तसाच गरम वापरला, सवय. दुसरं म्हणजे बाटलीतल्या जंतूंना बस्तान बसवायला महिना लागतो, आणि म्हाताऱ्याकडे आठवडाही नाही. कालपासून तो तळाशी एका अंगावर कलून बसतो. टाकीवाला म्हणाला, आता एकच इलाज: जुन्या, वर्षानुवर्षं न धुतलेल्या चालू टाकीतला स्पंज कापून आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. त्याच्या दुकानातल्या टाक्या तो दर आठवड्याला औषध घालून धुतो, त्या उपयोगाच्या नाहीत. अशी टाकी तुमच्या ओळखीत आहे का, त्याने विचारलं. वन्सं, माझ्या डोळ्यांसमोर जगातली एकच टाकी आली. चार वर्षांपूर्वी तुमच्या घरी, चारचौघांत, मी तिला गटार म्हणाले आणि चहाच्या आधी उठून तुमचा कप उकळत्या पाण्याने विसळला. तुमचे मासे तेव्हाही धष्टपुष्ट होते, ते मी पाहिलं होतं आणि बोलले नव्हते. मी चुकले. मला निम्मा स्पंज द्या. निम्माच, सगळा दिलात तर तुमच्या टाकीचीही आमच्यासारखी गत होईल. धुऊ नका. पिळू नका. नळाखाली तर धरूच नका.

ता. क. २. लेकीने बापाला का बोलावलं ते तिचं तिलाच ठाऊक, असं मी वर लिहिलं आहे. मलाही ठाऊक आहे. ती म्हणाली, 'आई, तू आलीस की मला माझ्याच बाळाला हात लावायची भीती वाटेल.' मी बरं म्हटलं आणि फोन पुसून ठेवला. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. तुम्हाला का सांगते आहे कळत नाही. कदाचित माझ्याविषयी याहून वाईट मत तुमचं आधीच असल्यामुळे सोपं जात असेल.

ता. क. ३. हे पत्र घेऊन आलेला माणूस म्हणजेच टाकीवाला. तुमच्या बाजूला कुणाच्या टाकीची काच बसवायला निघाला होता, म्हणून त्याच्या हाती दिलं. तुम्ही पहिल्या नमस्कारापासून इथपर्यंत येईतो तो तुमच्या दाराबाहेर झाकणाचा डबा घेऊन उभा असणार, तेव्हा आधी त्याला आत बोलवा. स्पंज तुमच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यात द्या. काम आटपून तो सरळ इकडेच येणार आहे. त्याच्या टेम्पोत पुढची सीट रिकामी आहे. उत्तर लिहीत बसू नका, त्या सीटवर बसून या. परवापासून मी कशालाच हात लावलेला नाही, ग्लव्हज घालूनसुद्धा नाही. घर आवरलेलं नाही, वन्सं. म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच आवरलेलं नाही.